लेक येईपर्यंत लाईट हवी होती

आमच्या वाडीत कुणी गेलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. पोरां खंय आसत? आणि लाईट आसा मां?

बाहेरच्या माणसाला हे ऐकून कसंतरीच वाटेल. मयताच्या दारात उभं राहून लाईटची चौकशी कसली करता म्हणेल. पण आमच्याकडे प्रत्येक घरातलं एकतरी पोर लांब आहे. कुणी दुबईला, कुणी बोटीवर, कुणी आजोबांचे गोव्यातले जुने कागद शोधून, त्यांवर पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला, आणि ज्याला ह्यातलं काहीच जमलं नाही तो मुंबईला. गावात राहिलो आम्ही म्हातारे, माडाची झाडं आणि कुत्रे. माणूस गेलं की त्या पोरांची वाट बघावी लागते. वाट बघायची तर मयत ठेवावं लागतं, आणि ठेवायचं तर लाईट लागते.

पूर्वी असं नव्हतं. माझी सासू गेली तेव्हा आमचे हे बोटीवर होते, खलाशांचं जेवण करायचे. सासू सकाळी गेली आणि सूर्य बुडायच्या आत चर्चमागे मातीत. ह्यांना तार केली, ती कुठल्या बंदरात कधी पोचली कोण जाणे. हे आले ते आंबे उतरवायच्या दिवसांत. बॅग दारापुढच्या खळ्यात ठेवली, पाय धुतले आणि सरळ दफनभूमीत जाऊन आले. आल्यावर जेवायला बसले, माशाला मीठ कमी आहे म्हणाले. रडले असतील तर तिकडेच. पण माझ्यासाठी का थांबला नाहीत, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते विचारण्यासारखं नव्हतंच मुळी. आमच्या दमट हवेत माणूस ठेवणार किती वेळ?

मग थंड पेटी आली. आमच्या चर्चच्या मंडळींनी वर्गणी काढून आणली. स्टीलची लांब पेटी, वर काचेचं झाकण, खाली मोटर. भिंतीत वायर लावली की फ्रीजसारखी घुरघुरते. पेटी आली आणि तिच्याबरोबर वाट बघणं आलं. आता दुबईचा मुलगा फोनवर सांगायला लागला, ठेवा, मी येतो. आणि खरंच यायचा, बापाच्या कपाळावर हात ठेवायचा, मगच घंटा वाजायची. हे सुख आम्हांला नवीन होतं. ते वायरीच्या टोकाला बांधलेलं आहे, हा विचार कुणी करत नव्हतं.

आणि वायरीचं म्हणाल तर आमच्याकडे वायरीपेक्षा वायरीची बोलणीच जास्त. मी लग्न होऊन आले तेव्हा वाडीत लाईटच नव्हती, त्यामुळे ती जातही नव्हती. पुढे खांब आले, एक डीपी, म्हणजे ट्रान्स्फॉर्मर, आला, घरात एक दिवा ओटीवर आणि एक चुलीजवळ. त्या डीपीवर आमची भूक भागायची. आता त्याच डीपीवर किती तोंडं लागलीत बघा. कुणकेश्वरकडच्या रस्त्याला हॉटेलं झाली. ज्यांच्या गोठ्यात म्हशी होत्या त्यांनी गोठा पाडून पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, खोलीखोलीत एसी. विहिरीवर रहाट होते तिथे पंप. नांदगावला हायवे इतका रुंद झालाय की मला तो ओलांडायला सोबत लागते, आणि रात्री त्यावर दिव्यांची नुसती माळ. सगळं वाढलं. कुणाला नको म्हणायचं? पण मे महिन्यात आमचा पंखा असा फिरायचा की त्याची पाती मोजून घ्यावीत. आणि पावसात एक फांदी पडली की झालं, वाडी काळोखात.

आमचे हे बोटीवरून कायमचे घरी आल्यावर त्यांचं एक कामच होऊन बसलं होतं. लाईट गेली की लाईट ऑफिसला फोन. घरात आम्ही मालवणीत बोलणार, पण फोन हातात घेतला की हे एकदम ताठ बसायचे आणि पुस्तकातली भाषा काढायचे. नमस्कार साहेब, आमच्या वाडीचा विद्युतपुरवठा खंडित झालेला आहे. मी आतून हसायची. फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणायचे, "तो म्हणता, बघतंय. काळोखात काय बघतलो तो?" वायरमन बिचारा भर पावसात शिडी खांद्यावर घेऊन यायचा, ह्यांच्याकडून चहा प्यायचा आणि ह्यांचीच बोलणी खायचा. त्याच्या हाती तरी काय होतं.

हा सगळा आटापिटा कशासाठी, ते मला माहीत होतं. आमची लेक कुवेतला. एकुलती. इस्पितळात नर्स आहे, तिकडेच लग्न, तिकडेच मूल. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा, आणि लाईट नसली की टॉवरही थोड्या वेळाने झोपायचा. कॉलच्या आधी हे शर्ट बदलायचे, केस विंचरायचे. मी म्हणायची, लेकीक बघताय की लगनाची पोर बघूक जाताय? त्यावर हे आरशात पुढचा तुटका दात बघत राहायचे. लेकीलाही आधी चेहराच हवा असायचा. ती फोनवर आधी जेवणखाण विचारायची नाही. जरा उजेडाकडे तोंड करा, असं म्हणायची. माणूस बरा आहे की नाही ते तिला चेहऱ्यावरून कळायचं.

ते गेले तो जुलै महिना होता. सकाळी पेज घेतली, सोबत सुक्या बांगड्याचा तुकडा. ओटीवरच्या खुर्चीत जाऊन बसले. मी आत भांडी आवरत होते. बाहेरून काही आवाज आला नाही, हेच मला जाणवलं, कारण हे गप्प बसणारे नव्हते. जाऊन बघितलं तर मान एका बाजूला. शेजारचे धावत आले, डॉक्टर आले, हात लावून बघितलं आणि टोपी काढली.

शेजारचं घर आमचं नुसतं शेजारचं नाही. हिंदू शेतकरी घर. भातशेतीचे लहान कोपरे आणि वर काजूची बाग. तो माणूस ह्यांच्या बरोबरीचा, आणि त्याची बायको माझ्या वयाची. आमची दोघींची चूल दोन घरांत, पण मीठ-मसाला एकाच घरचा म्हणायला हरकत नाही. लेकीला फोन त्या शेजाऱ्यानेच लावला, मी ह्यांची कललेली मान धरून बसले होते. पलीकडे तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पापांका ठेवा. मी येतंय. माका तेंचा तोंड बघूचा आसा."

तेवढंच. मागे तिचं मूल रडत होतं ते ऐकू आलं. तिकीट मिळालं मुंबईचं, तिथून रेल्वे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत येते म्हणाली. शेजारी म्हणाला, पेटी आणतंय. लाईट होती. सगळं जमण्यासारखं होतं.

पेटी आली. ह्यांना अंघोळ घातली, लेकीच्या लग्नात शिवलेला सूट घातला, हातात रोजरीची माळ गुंडाळली. हॉलमधल्या टेबलाजवळ पेटी लावली, मोटर घुरघुरायला लागली. पेटीबरोबर आलेल्या माणसाने जाताना दोनदा बजावून सांगितलं, "झाकण उघडू नकात. थंडावा जाता."

आता आमची चूक इथे झाली. चूक म्हणते, पण कुणाची म्हणू? आमच्यात मयताच्या भेटीला आलेला माणूस वाटीतल्या पवित्र पाण्यात छोटी डहाळी बुडवतो आणि मयतावर शिंपडतो. हे शेवटचं देणं. ते काचेवर कसं शिंपडणार? काचेवर पडलेलं पाणी घरंगळून खाली जातं, ते काय त्या माणसाला पोचलं? आणि काच आतून अशी धुरकट झाली होती की चेहरा दिसायचाच नाही, नुसती सावली. मग आलेली बाई पदराने काच पुसायची, दिसायचं नाही, आणि माझ्याकडे बघायची. मी होय म्हणून मान हलवायची. कुणीतरी झाकण उचलायचं. पाणी शिंपडायचं, कपाळाला हात लावायचा, दोन शब्द बोलायचे. हे सगळ्यांशी भांडलेले आणि सगळ्यांना हवे होते. एकजण तर लाईट ऑफिसात आता फोन कोण करणार म्हणून रडला. शेजारच्या वाडीतली माणसं आली, त्यांना पाया पडायचं होतं, फुलं ठेवायची होती. पुन्हा झाकण. एवढ्या लांबून चिखल तुडवत आलेल्या माणसाला मी नको म्हणू? आणि मोटर चालू होती ना. थंडावा गेला तर परत येईल, असंच वाटायचं. लाईट आपल्या घरचीच आहे असं समजून आम्ही दिवसभर तो थंडावा उधळला.

संध्याकाळी तेर्स सुरू झाला. तेर्स म्हणजे आमची रोजरीची प्रार्थना, सगळे मिळून गातात. गाण्यातच वाऱ्याचा आवाज वाढला. माडांची डोकी जमिनीला लागतील अशी वाकत होती. आणि लाईट गेली. कुणी गाणं थांबवलं नाही, पण गाता गाता सगळ्यांचे कान पेटीकडे गेले. घुरघुर बंद झाली होती. तेव्हा मला कळलं की दिवसभर त्या आवाजाच्या आधारावर मी बसले होते.

शेजारी छत्रीसुद्धा न घेता गेला. मंडप घालणाऱ्याकडे जनरेटर होता, लग्नसराई संपल्यावर ताडपत्रीखाली ठेवलेला. चौघांनी तो हातगाडीवरून आणला. "वयनी, मेळालो," एवढंच म्हणाला, आणि मी त्याच्या पायांकडे बघितलं तर एका पायात चप्पल नव्हती. जनरेटर मागच्या पडवीत लावला. धूर, आवाज, पण पेटी पुन्हा घुरघुरली. बातमी आली की रस्त्यावर आंबा आडवा झालाय, तारांसकट, आणि पुढे खांबसुद्धा मोडलेत. वायरमन लोक कामाला लागले होते, पण एवढ्या पावसात ते किती करणार.

लेकीचा फोन त्याआधीच येऊन गेला होता. मुंबईत उतरली. कोकण रेल्वेच्या रुळावर दरड आलेली, गाड्या बंद. गाडी ठरवून निघते म्हणाली. त्यानंतर टॉवरची बॅटरी संपली आणि सगळ्यांचे फोन मुके झाले. ती रस्त्यात कुठे आहे ते आम्हांला कळेना, आणि आम्ही इथे कशात आहोत ते तिला कळेना.

सकाळी जनरेटर खोकायला लागला. आवाज मोठा व्हायचा, मग बारीक व्हायचा, आणि पेटीची मोटर त्याच्याबरोबर वरखाली. मंडपवाला म्हणाला, आत पाणी गेलंय. तो उघडून पुसेपर्यंत एकदा जोरात उसळला, आणि पेटीतून खट्ट असा आवाज आला. मग जनरेटर सुरू झाला पुन्हा, चांगला चालला, पण पेटी काही चालली नाही. मोटर जळाली होती. वास आला.

मग बर्फ. समुद्राकाठच्या गावाला बर्फ काही नवा नाही, एरवी बंदरावर बर्फाच्या लाद्या नुसत्या घसटत नेतात. पण पावसाळ्यात मासेमारी बंद. होड्या वर काढलेल्या, बर्फाचा कारखाना नारळी पौर्णिमेच्या सुमाराला सुरू होणार. घरोघरच्या फ्रीजमधला बर्फ रात्रीच विरघळला होता. रस्त्यावर झाडं पडलेली, त्यामुळे इस्पितळाच्या शवागारात नेणंही जमेना. शेवटी समुद्राकडच्या एका हॉटेलात मिळाला. त्यांचा स्वतःचा मोठा जनरेटर, कधी न थांबणारा. मालक बाहेरचा माणूस, पण त्याने पोती भरून दिली आणि वर स्वतः छत्री धरून गाडीपर्यंत आला. तो बर्फ आम्ही कापडात बांधून ह्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवला. खाली पातेली लावली. पाणी ठिबकत होतं आणि मी पातेली रिकामी करत होते. बोटीवरच्या गोष्टी सांगताना हे म्हणायचे की मासा बर्फात ठेवायचा कसा ते खलाशाला विचारावं. हे मला तेव्हा आठवायला नको होतं, पण आठवलं.

शेजारी मोटरसायकल काढून नांदगावच्या दिशेने गेला, लेक भेटते का बघायला. ठिकठिकाणी उतरून, झाडांखालून गाडी काढत नांदगावच्या फाट्यापर्यंत पोचला. तिथे कळलं की खारेपाटणच्या बाजूला पाणी भरलंय, पलीकडच्या गाड्या अडकल्यात. ती त्यात आहे की आणखी मागे, कोण सांगणार? तसाच परत आला. दारात उभा राहून त्याने मान हलवली, आणि आत न येता पायरीवर बसला.

जेवणवेळ टळून गेली तेव्हा शेजारीण माझ्याजवळ आली. बाकीच्यांना तिने बाहेर ओटीवर बसवलं. आम्ही दोघींनी झाकण उघडलं. मी आधी पायांकडे बघितलं, मग हातांकडे, मग वर. शेजारणीने माझं मनगट धरलं होतं ते सोडलं नाही.

"गो बाय," ती म्हणाली, "आता नको. तेंका आता जावंदे."

मी म्हटलं, पोर रस्त्यात आहे. ती म्हणाली, होय.  तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते मी नंतर तिच्या घरी बघितलं.

पाद्री आले. तरुण आहेत, गोव्याकडचे. ते बाहेरच्या पावसाकडे बघून म्हणाले, "तुमी सांगशात तसा करूया." म्हणजे सांगायचं मीच. आयुष्यभर घरातलं सगळं ह्यांनी ठरवलं, कुठलं कौल बदलायचं इथपासून. आणि हे मी ठरवायचं.

मी तेव्हा एवढाच विचार केला. लेकीला चेहरा बघायचाय. पण तिने जो बघायला मागितलाय तो रोज संध्याकाळी उजेडाकडे वळणारा चेहरा. तो आता पेटीत नाही. आणि जो आहे, तो एकदा बघितला की पुढे आयुष्यभर तोच दिसेल. मी पाद्रींना सांगितलं, घंटा वाजवा.

खड्ड्यात पाणी भरत होतं, माणसं बालद्यांनी उपसत होती. त्यापलीकडे त्या संध्याकाळबद्दल मला सांगायचं नाही.

लेक दुसऱ्या दिवशी सकाळी आली. गाडी मोठ्या रस्त्याला सोडून चालत, चपला हातात, साडीला गुडघ्यापर्यंत चिखल. ती कधी साडी नेसायची नाही, बापाच्या मयताला म्हणून मुंबईत कुणाकडून तरी घेऊन नेसली होती. वाटेत तिला कुणी भेटलं असेल, पण सांगायचा धीर कुणाला झाला नाही. ती खळ्यात आली, हॉलच्या दारात उभी राहिली. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मेणबत्त्या संपलेल्या. पेटीची जागा पुसून कोरडी केलेली, म्हणून तेवढीच चकचकीत दिसत होती.

"खंय आसत?"

"मातयेक दिले गो," मी म्हटलं. "काल सांजेक."

तिने माझ्याकडे बघितलं. "माझ्यासाठी थांबूक नाय?"

मी सांगायला लागले, लाईट गेली, जनरेटर आणला, मोटर जळाली, बर्फ. ती ऐकत होती की नाही कळलं नाही. मधेच तिने चपला खाली ठेवल्या, एकाशेजारी एक नीट, जशा चर्चच्या पायरीशी ठेवतात. मग दफनभूमीकडे गेली. शेजारीण तिच्या मागून छत्री घेऊन गेली. ती तिथे उभी राहिली तेवढा वेळ हीसुद्धा छत्री धरून उभी राहिली, आणि परत आल्यावर मला म्हणाली, रडूक नाय पोर.

सातव्या दिवसाच्या मीसपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेपर्यंत, लेक राहिली. घर आवरलं, माझी औषधं डब्यात लावून दिली, ह्यांचे कपडे वाटले. माझ्याशी बोलायची, पण भात झाला का, गोळी घेतली का, एवढंच. बापाचं नाव काढलं नाही. एका दुपारी लाईट आली. पंखा फिरायला लागला, फ्रीज घुरघुरला. हॉलमध्ये आम्ही दोघी बसलो होतो. कुणी उठून फ्रीज बघायलाही गेलं नाही. निघताना ती पाया पडली. मी जवळ घेतलं तर ती आली, पण लाकडासारखी.

पुढे कुवेतहून तिने सगळं फोनवर ठरवलं. एक दिवस टेंपो आला, माणसं छपरावर चढली आणि सोलरची पानं बसवून गेली. मोठी बॅटरी, इन्व्हर्टर. मला विचारलंसुद्धा नाही, फक्त सांगितलं, उद्या माणसं येतली, तेंका चाय दी. चर्चच्या हॉलवरही तिनेच बसवायला लावलं. तिथे दुरुस्त केलेली पेटी असते, आता ती उन्हावर साठवलेल्या विजेवर चालते, आणि पाऊस लागून राहिला तर चर्चचा स्वतःचा जनरेटर आहे, पक्क्या छपराखाली. वाडीची लाईट गेली की आमचं घर तेवढं उजळलेलं असतं. शेजारपाजारची माणसं फोन चार्ज करायला येतात, पोरं अभ्यासाला बसतात. मला बरं वाटतं. आणि त्या उजेडात रिकामी खुर्ची जास्तच दिसते, तेही खरं.

पाद्रींनी सगळ्यांना बसवून एक गोष्ट ठरवून घेतली. मयत पेटीत ठेवायच्या आधीच पवित्र पाणी शिंपडायचं, घरीच. एकदा झाकण लागलं की लांबचं पोर येईपर्यंत ते उघडायचं नाही. म्हाताऱ्या कुरकुरल्या. मग पेटीशेजारी खुर्ची टाकून मी बसायला लागले. आता आमच्याकडे कुणी गेलं की मला बोलावतात. आलेली बाई माझ्याकडे बघते, मी मान हलवते, नाही म्हणून. माझ्यापुढे कुणी वाद घालत नाही. सगळ्यांना माहीत आहे.

ह्या पावसात खालच्या वाडीतली एक म्हातारी गेली. लाईट नव्हतीच, नेहमीप्रमाणे. मुलगी लंडनहून येईपर्यंत पेटी चर्चच्या हॉलमध्ये चालली, एकदाही थांबली नाही. मुलगी आली, मीच झाकण उघडलं. तिने आईच्या गालावर गाल ठेवला. सगळे म्हणाले, बरा झाला, तोंड गावला तिका. मीही म्हटलं. मग हॉलच्या मागे विहिरीकडे जाऊन उभी राहिले.

ह्यांच्या वर्षाच्या मीसला लेक आली होती. मीस झाली, जेवणं झाली, पाहुणे गेले. ती स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. मी खोबरं किसत होते. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"माय, तेंचा तोंड कसा होता?"

"निजल्यासारखा," मी म्हटलं.

"माय, मी नर्स आसय. माझ्या हातात माणसा गेली आसत. खरा सांग."

मी किसणी बाजूला ठेवली. सांगितलं. पापण्या कशा झाल्या होत्या, ओठ, कानाखालचा रंग, बर्फाचं पाणी कुठे साचलं होतं. काहीच झाकलं नाही. ती अधेमधे प्रश्न विचारत होती, इस्पितळात विचारावेत तसे, आवाज न वाढवता. शेवटी झाकण कुणी उघडलं, तेही विचारलं. मी म्हटलं, मी आणि शेजारीण, आणखी कुणी नाही.

 बाहेर कुणीतरी फोन चार्जिंगला लावायला आलं होतं, ते लावून गेलं.

"म्हणजे ता तू बघलंस," ती म्हणाली.

मी मान हलवली. तेव्हा ती पाटावरून उठली. आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. वर्षभराचं. माझे हात खोबऱ्याने भरलेले, मी ते तिच्या केसांना लागू नयेत म्हणून वर धरून बसले, मग ठेवलेच.

शांत झाल्यावर ती तशीच पडून म्हणाली, "आता तेच्या आधीचा सांग. सकाळचा."

मग मी तिला सांगितलं. अंघोळ घालताना शेजाऱ्याने त्यांची दाढी केली, त्यात हनुवटीच्या खाली पांढरे केस थोडे राहिले होते. कपाळावर एकही आठी नव्हती. वरचा ओठ जरा उचललेला, म्हणजे पुढचा तो तुटका दात दिसत होता.

"खंयचो?" ती म्हणाली. "डावो?"

मी म्हटलं, होय, डावो.